मेंदूच्या तळघरात

मेंदू म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? अक्रोडाच्या गरासारखा, घड्याघड्यांचा एक गोळा. शाळेच्या पुस्तकातलं चित्रही तेच. या घड्यांच्या थराला कॉर्टेक्स म्हणतात. जाडी फक्त दोन ते चार मिलिमीटर, पण भाषा, गणित, नियोजन, एम-थ्रीचे डेरिव्हेशन, सगळं तिथलंच काम. म्हणून सगळं कौतुकही त्याच्याच वाट्याला येतं.

पण इमारत वरच्या मजल्यावर चालत नाही. आपल्या हॉस्टेलचंच बघा. गच्चीवरून व्ह्यू छान दिसतो, पण पंप, मेन स्विच, जनरेटर सगळं खाली. तिथे बिघाड झाला की चारही मजले अंधारात. मेंदूचंही तसंच आहे. श्वास, झोप, ताप, भूक, भीती, आठवण आणि चालताना पाऊल उचलणं या सगळ्यांच्या चाव्या खोल आतल्या भागांकडे आहेत. हा लेख त्या तळघराबद्दल.

मी मेडिकलचा नाही, इन्स्ट्रुमेंटेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरातल्या एका आजारपणामुळे हा विषय माझ्याकडे आला, त्याबद्दल पुढे लिहिलं आहेच. वाचत गेलो तसं लक्षात आलं की कंट्रोल सिस्टिम्समध्ये आपण जे घोकतो, सेट पॉइंट, फीडबॅक, ब्रेक, ओव्हरशूट, ते सगळं आपल्या डोक्यात अक्षरशः आहे. तेव्हा घाबरू नका. शब्द ग्रीक-लॅटिन आहेत, पण कल्पना ओळखीच्या आहेत.

आधी नकाशा

मोठ्या माणसाच्या मेंदूचं वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या सुमारे दोन टक्के. पण विश्रांतीत असताना शरीराच्या एकूण ऊर्जेतला जवळजवळ पाचवा हिस्सा तो घेतो. वॅटमध्ये सांगायचं तर वीसच्या आसपास, म्हणजे खोलीतल्या एका एलईडी ट्यूबएवढी पॉवर. एवढ्यावर सुमारे ८६०० कोटी चेतापेशी चालतात.

आता एक करून बघा. एका हाताचं बोट डोळ्यासमोर धरा आणि तिथून सरळ मागे जाणारी रेषा कल्पा. दुसऱ्या हाताचं बोट कानाच्या जरा वर ठेवा आणि तिथून सरळ आत जाणारी रेषा कल्पा. या रेषा जिथे भेटतात त्याच्या आसपास आपलं तळघर आहे.

खालून वर जाऊ. पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू येतो. कवटीत शिरल्यावर तो जाड होतो, तो ब्रेनस्टेम. त्याच्या माथ्यावर, मेंदूच्या बरोबर मध्यभागी, अंड्याच्या आकाराचे दोन गोळे शेजारी शेजारी, तो थॅलॅमस. त्याच्या खाली, पुढच्या बाजूला छोटासा हायपोथॅलॅमस आणि त्याला लटकलेली वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी. थॅलॅमसच्या बाहेरच्या अंगाला बेसल गँग्लिया नावाचा पेशीपुंजांचा समूह. आणि दोन्ही कानांच्या आतल्या दिशेला हिप्पोकॅम्पस, त्याच्या टोकाशी अमिग्डाला. जवळजवळ सगळे भाग जोडीने आहेत, एक डावा, एक उजवा.

या सगळ्यांच्या मधून पोकळ्या जातात आणि त्यात पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो. मेंदू आणि मज्जारज्जू मिळून हा द्रव सुमारे १५० मिलिलिटर असतो, पण दिवसाला तयार होतो सुमारे ५०० मिलिलिटर. म्हणजे दिवसातून तीनेक वेळा अख्खी टाकी बदलली जाते.

ब्रेनस्टेम : मेन स्विच

हा भाग अंगठ्याएवढा जाड. त्याचे तीन तुकडे: वर मध्यमेंदू, मध्ये पॉन्स, खाली लंबमज्जा. चेहरा, डोळे, जीभ, गिळणं यांच्या बहुतेक नसा इथूनच निघतात. वरून खाली जाणारे हुकूम आणि खालून वर येणाऱ्या संवेदना यांना जायला दुसरी वाटच नाही.

लंबमज्जेत श्वासाचं नियंत्रण आहे. तुम्ही ठरवून श्वास रोखू शकता, पण किती वेळ? रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की लंबमज्जा कॉर्टेक्सचं न ऐकता श्वास घ्यायला लावते. गंमत म्हणजे ही यंत्रणा मुख्यतः ऑक्सिजन मोजत नाही, कार्बन डायऑक्साइड मोजते. म्हणूनच पाण्यात सूर मारण्याआधी पैज लावून भराभर श्वास घेणं धोक्याचं आहे. त्याने कार्बन डायऑक्साइड उगाच खाली जातो, धोक्याची घंटा उशिरा वाजते आणि त्याआधीच ऑक्सिजन संपून माणूस पाण्याखाली बेशुद्ध होतो. विहिरीवर पोहायला जाणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

ब्रेनस्टेमच्या गाभ्यात चेतापेशींचं एक जाळं आहे. १९४९ साली मोरुझी आणि मॅगून या शास्त्रज्ञांनी दाखवलं की या जाळ्याला विजेचा हलका झटका दिला की गुंगीतल्या प्राण्याच्या मेंदूलहरी जागेपणासारख्या होतात. जागं राहणं हे मेंदूचं आपोआप होणारं काम नाही, खालून कोणीतरी सतत स्विच दाबून धरावा लागतो, हे तेव्हा कळलं.

म्हणून अपघातात ब्रेनस्टेम गेला की वरचा कॉर्टेक्स कितीही हुशार असून उपयोग नाही. आपल्याकडे १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने 'ब्रेनस्टेम डेथ' हाही मृत्यू मानला आहे. डॉक्टरांचं मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या करतं आणि मगच ते ठरतं. व्हेंटिलेटरवर छाती हलत असते, हृदय धडधडत असतं, आणि नातेवाइकांना समजावणं फार कठीण जातं. मेन गेटपासून चौकापर्यंतच जायचंय, हेल्मेट कशाला, असं म्हणणाऱ्यांनी हा परिच्छेद लक्षात ठेवावा.

थॅलॅमस : मनमाड जंक्शन

डोळ्यांकडून, कानांकडून, त्वचेकडून येणारी प्रत्येक गाडी कॉर्टेक्सला पोचण्याआधी थॅलॅमसमध्ये थांबते. इथे प्रत्येकाचा प्लॅटफॉर्म वेगळा आहे. दृष्टीचा वेगळा, श्रवणाचा वेगळा, स्पर्श आणि वेदनेचा वेगळा. पण हे नुसतं गाडी बदलण्याचं स्टेशन नाही. कोणती गाडी पुढे सोडायची आणि कोणती यार्डात उभी करायची हेही इथे ठरतं. आणि नवल म्हणजे कॉर्टेक्सकडून थॅलॅमसकडे येणारे तंतू थॅलॅमसकडून वर जाणाऱ्या तंतूंपेक्षा जास्त आहेत. म्हणजे वरचा साहेब खालच्या स्टेशनमास्तरला सतत सांगत असतो, मला आता हे पाठव, ते नको.

कॉमन रूममध्ये मॅच चालू असताना कोपऱ्यात बसून एखादा पोरगा शांतपणे असाइनमेंट उतरवतो, त्यामागे हीच गाळणी आहे. गाढ झोपेत थॅलॅमसची लय बदलते आणि बहुतेक गाड्या बंद होतात. म्हणून रूममेटचा अलार्म त्याला स्वतःला ऐकू येत नाही, बाकी सगळ्या विंगला येतो.

एक अपवाद आहे, वासाचा. वासाचा संदेश थॅलॅमसमध्ये न थांबता सरळ आत जातो आणि अमिग्डाला, हिप्पोकॅम्पस यांच्या शेजारीच उतरतो. मेसमध्ये कधीतरी लसणीच्या फोडणीचा वास आला की क्षणात घरचं स्वयंपाकघर आठवतं, त्याचं एक कारण ही जवळची वाट.

हायपोथॅलॅमस : चार ग्रॅमचा कंट्रोलर

वजन जेमतेम चार ग्रॅम, पण शरीराचं तापमान, तहान, भूक, झोप-जाग, पिट्यूटरीमार्फत संप्रेरकं, सगळं याच्या ताब्यात. कंट्रोल सिस्टिम्सच्या सरांनी पहिल्या लेक्चरला थर्मोस्टॅटचं उदाहरण दिलं होतं. खरं तर हायपोथॅलॅमसचं द्यायला हवं.

तापाचं उदाहरण घ्या. शरीराचा सेट पॉइंट ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. जंतुसंसर्ग झाला की प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात आणि हायपोथॅलॅमस सेट पॉइंट वर सरकवतो, समजा ३९ वर. आता शरीर आहे ३७ वर आणि कंट्रोलर म्हणतोय ३९ पाहिजे. एरर दोन अंश. मग काय? त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, स्नायू थरथरतात, दोन पांघरुणं घेतली तरी हुडहुडी जात नाही. थंडी वाजून ताप येतो म्हणतात तो हा. पॅरासिटामॉल ही रसायनं कमी करतं, सेट पॉइंट परत खाली येतो, आता शरीर जास्त गरम ठरतं आणि घाम फुटून ताप उतरतो. एरर सिग्नलचं चिन्ह उलटलं, बस्स.

उष्माघाताचं मात्र तसं नाही. नागपूर, चंद्रपूरकडच्या मित्रांनी हे नीट लक्षात घ्यावं. उष्माघातात सेट पॉइंट जागेवरच असतो, पण बाहेरची उष्णता एवढी होते की यंत्रणा हरते. तिथे पॅरासिटामॉल देऊन उपयोग नाही. माणसाला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतणं, वारा घालणं आणि ताबडतोब दवाखाना गाठणं हाच उपाय. दोन्हीकडे थर्मामीटर तेच दाखवतो, पण बिघाड वेगळ्या जागी आहे.

हायपोथॅलॅमसमध्येच, दोन डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या वर, सुमारे वीस हजार पेशींचं घड्याळ आहे. ते स्वतःचं स्वतः चालतं, पण बहुतेकांचं २४ तासांपेक्षा किंचित मागे पडतं. रोज सकाळचा उजेड डोळ्यांतून येऊन ते जुळवतो. आपण पीएलमध्ये पहाटे चारला झोपून बाराला उठतो आणि रात्री मोबाइलचा उजेड डोळ्यांत घेतो, म्हणजे हे घड्याळ रोज मागे ढकलतो. मग पेपर सकाळी दहाला असतो तेव्हा शरीराच्या घड्याळात मध्यरात्र चालू असते. यावर औषध फुकट आहे. पेपरच्या आठवडाभर आधीपासून सकाळी उठून अर्धा तास बाहेर उजेडात चाला.

हिप्पोकॅम्पस आणि अमिग्डाला : नोंदवही आणि सायरन

हिप्पोकॅम्पस हे नाव समुद्री घोड्यावरून आलं, कापल्यावर त्याचा आकार तसा वळलेला दिसतो. त्याचं काम जगाला कळलं ते एका माणसाच्या दुर्दैवामुळे. हेन्री मोलेसन नावाच्या अमेरिकन तरुणाला फिट्सचा भयंकर त्रास होता. १९५३ मध्ये, तो २७ वर्षांचा असताना, विल्यम स्कोव्हिल या सर्जनने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढून टाकला. फिट्स कमी झाल्या. बुद्धी शाबूत राहिली, बोलणं शाबूत, लहानपणच्या आठवणी शाबूत. पण नवीन आठवण तयार होणंच थांबलं. ब्रेन्डा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ त्याला वर्षानुवर्षं भेटत राहिल्या आणि प्रत्येक भेट त्याच्यासाठी पहिलीच असे. २००८ मध्ये तो वारला. तोपर्यंत संशोधनात त्याला फक्त 'एच. एम.' या आद्याक्षरांनी ओळखत.

पण त्याच्या कहाणीतला महत्त्वाचा भाग पुढे आहे. मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. आरशात सगळं उलटं दिसतं, त्यामुळे हात भलतीकडे जातो. रोज सराव करून तो त्यात तरबेज झाला. आणि रोज म्हणायचा की हे मी आज पहिल्यांदाच करतोय! याचा अर्थ 'काय झालं' याची आठवण आणि 'कसं करायचं' याची आठवण या दोन वेगळ्या फायली आहेत. पहिली हिप्पोकॅम्पसमार्फत जाते. दुसरी बेसल गँग्लिया आणि लहान मेंदूकडे. फायलिंगचा जॉब थिअरी वाचून येत नाही आणि फायलिंग करून थिअरी येत नाही, याचं मूळ इथे आहे.

हिप्पोकॅम्पस कायमची साठवण करत नाही. तो दिवसभराची कच्ची नोंद ठेवतो आणि झोपेत ती पुन्हा पुन्हा वाजवून कॉर्टेक्समध्ये पक्की करायला मदत करतो. नाइट मारून वाचलेलं पेपरला थोडंफार आठवतं, पण पुढच्या सेमला त्या विषयाचा मागमूस राहत नाही. झोप म्हणजे अभ्यासातली सुट्टी नव्हे, अभ्यासाची ती शेवटची पायरी आहे. रस्ते लक्षात ठेवण्याचं कामही हाच करतो. २००० साली लंडनच्या टॅक्सीचालकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शहराचे हजारो रस्ते पाठ असलेल्या या चालकांमध्ये हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला.

शेजारचा अमिग्डाला बदामाच्या आकाराचा. धोका ओळखणं हे त्याचं मुख्य काम. अंधारात दोरी दिसली की आधी पाय मागे येतो, नंतर कळतं की साप नव्हता. व्हायवाला एक्स्टर्नलने नाव विचारलं तरी घशाला कोरड पडते, तेव्हा सायरन हाच वाजवत असतो. तो फार जोरात वाजला की कॉर्टेक्सचं काम नीट चालत नाही, म्हणून आलेलं उत्तरही आठवत नाही. सायरन बंद करायचं बटण नाही, पण सवयीने त्याचा आवाज कमी होतो. मित्रासमोर चार वेळा मोठ्याने उत्तरं देऊन गेलात तर पाचव्यांदा एक्स्टर्नलचा चेहरा एवढा धोकादायक वाटत नाही.

बेसल गँग्लिया : ट्रकचा ब्रेक

आता ज्या भागासाठी मी हे सगळं वाचायला घेतलं तो भाग.

माझे वडील टर्नर. इचलकरंजीत एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं लेथवर. मायक्रोमीटर लावायच्या आधी हातानेच माप सांगणारे. २०२१ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, त्यांचा उजवा खांदा जखडला. फ्रोझन शोल्डर म्हणून सहा महिने शेक आणि व्यायाम झाले. मग बँकेने चेक परत केला, सही जुळत नाही म्हणून. त्यांची सही लहान लहान होत चालली होती. चालताना उजवा हात हलेनासा झाला. उजव्या पायातली चप्पल एकाच बाजूने झिजायला लागली. चेहऱ्यावर हसू दिसेना, शेजारी म्हणायचे, भाऊ हल्ली रागावलेले असतात. आणि वर्कशॉपमध्ये वेगळीच कुजबुज सुरू झाली. मशीनवर हात ठीक चालतो, पण बाकावर बसले की अंगठा आणि बोट गोळी वळल्यासारखे थरथरतात. म्हणजे नक्की पीत असणार. आयुष्यात सुपारीही न खाल्लेल्या माणसाबद्दल हे बोललं जात होतं, आणि त्यांना ते ऐकू येत होतं.

शेवटी न्यूरॉलॉजिस्टनी पाच मिनिटं अंगठा-बोट टॅप करायला लावलं, चालायला लावलं, एक ओळ लिहायला लावली आणि सांगितलं, पार्किन्सन्स. १८१७ मध्ये जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने वर्णन केलेला आजार. आयुर्वेदात कंपवात म्हणतात.

हे समजायला बेसल गँग्लियाची सर्किट बघावी लागते. यात कॉडेट, प्युटामेन, ग्लोबस पॅलिडस, सबथॅलॅमिक न्यूक्लियस आणि मध्यमेंदूतला सबस्टॅन्शिया नायग्रा असे पुंज येतात. पैकी कॉडेट आणि प्युटामेन मिळून स्ट्रायटम, म्हणजे इनपुटची बाजू. ग्लोबस पॅलिडसचा आतला भाग ही मुख्य आउटपुटची बाजू. आणि हे आउटपुट हुकूम देत नाही, ते सतत थॅलॅमसला दाबून धरतं. म्हणजे डीफॉल्ट स्थिती : ब्रेक लागलेला.

ट्रकचा पार्किंग ब्रेक आठवा. तिथे स्प्रिंग ब्रेक लावून ठेवते आणि हवेचं प्रेशर ती स्प्रिंग मागे ओढून ब्रेक सोडतं. हवा गेली की ब्रेक आपोआप लागतो. मेंदूतही हीच रचना. हात उचलायचा ठरलं की स्ट्रायटम ग्लोबस पॅलिडसला गप्प करतं, त्यामुळे थॅलॅमसवरचा दाब सुटतो आणि हालचाल होते. दोन उणे मिळून अधिक. दुसरी एक वळणाची वाट आहे, ती सबथॅलॅमिक न्यूक्लियसमार्फत ब्रेक आणखी घट्ट करते, म्हणजे नको असलेल्या हालचाली दाबून ठेवते. एक वाट सोडणारी, एक आवळणारी. दोन्हींचा तोल राहिला की पाऊल सहज पडतं.

हा तोल ठेवणारं 'हवेचं प्रेशर' म्हणजे डोपामिन. ते सोडणारी वाट मोकळी करतं आणि आवळणारी वाट मंद करतं. ते बनवतात सबस्टॅन्शिया नायग्रातल्या पेशी. नावाचा अर्थच काळा पदार्थ, कारण या पेशींतल्या रंगद्रव्यामुळे तो पट्टा नुसत्या डोळ्यांनाही काळा दिसतो. ८६०० कोटींपैकी या पेशी फक्त काही लाख. पार्किन्सन्समध्ये त्या हळूहळू मरतात, आणि लक्षणं दिसेपर्यंत बऱ्याच गेलेल्या असतात. प्रेशर गळतं, ब्रेक घासत राहतो. हालचाल मंद, अंग ताठ, अक्षर बारीक, चेहरा स्थिर. विश्रांतीत सेकंदाला चार ते सहा वेळा थरथर, आणि हात कामाला लावला की ती कमी होते. मशीनवर हात ठीक चालतो त्याचं कारण हे. त्याचा दारूशी काहीही संबंध नाही.

मग डोपामिनच का देत नाहीत? कारण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये गाळणी आहे, तिच्यातून डोपामिन जात नाही. त्याचा कच्चा माल लेव्होडोपा मात्र जातो आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. अर्विद कार्लसन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये औषध देऊन निश्चल केलेल्या सशांना लेव्होडोपा दिला आणि ते पुन्हा हिंडू लागले. या कामासाठी त्यांना २००० चं नोबेल मिळालं. आजही मुख्य औषध हेच, सोबत कार्बिडोपा, म्हणजे बाहेरच्या बाहेर त्याचं रूपांतर होऊ नये. आपल्या रानात वाढणाऱ्या खाजकुइलीच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असतो, हेही खरं. पण त्यात मात्रा किती ते घरी कळत नाही, म्हणून डॉक्टरांना न विचारता ते चूर्ण घेऊ नये.

गोळीची वेळ फार महत्त्वाची. प्रथिनं आणि लेव्होडोपा एकाच दरवाजातून आत जातात, त्यामुळे डाळ-अंड्याच्या जेवणाबरोबर गोळी घेतली तर ती पूर्ण लागू पडत नाही. वडील आता जेवणाच्या तासभर आधी घेतात. काही वर्षांनी गोळीचा असर लवकर संपायला लागतो आणि कधी उलट अंग नको तितकं हलतं. आपल्या भाषेत अंडरशूट आणि ओव्हरशूट. हा आजार बरा करणारं औषध अजून नाही, हे मी इथे स्पष्टच लिहितो.

इथे आपला, म्हणजे इंजिनिअर्सचा प्रवेश होतो. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे सर्जन आलिम-लुई बेनाबिद यांच्या लक्षात आलं की थॅलॅमसमध्ये इलेक्ट्रोड घालून सेकंदाला शंभरच्या पुढे पल्स दिले की थरथर थांबते. यातून डीप ब्रेन स्टिम्युलेशन ही पद्धत आली. आज बहुधा सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये, म्हणजे मसुरीच्या दाण्यासारख्या पुंजात, सव्वा मिलिमीटर व्यासाची तार बसवतात. कवटीला फ्रेम लावून एक्स, वाय, झेड कोऑर्डिनेट्स काढतात. मेंदूला स्वतःला वेदना नसल्याने पेशंटला अनेकदा जागं ठेवतात आणि टेबलावरच हात हलवून बघतात. कॉलरबोनच्या खाली, कातडीच्या आत पल्स जनरेटर. फ्रिक्वेन्सी साधारण १३० हर्ट्झ, पल्सची रुंदी साधारण ६० मायक्रोसेकंद. ही अनेक वर्षं ओपन लूप सिस्टिम होती, गरज असो वा नसो पल्स चालूच. २०२५ मध्ये अमेरिकेत मेंदूतलेच सिग्नल वाचून करंट कमी-जास्त करणाऱ्या यंत्राला मान्यता मिळाली. म्हणजे फीडबॅक लूप बंद झाला. आपल्या सिलॅबसमधलं एक प्रकरण कोणाच्या तरी हाताची थरथर थांबवतंय, हे वाचून मला त्या दिवशी फार बरं वाटलं. पण खर्च काही लाखांत, आणि प्रत्येक पेशंटला ते लागू पडतंच असं नाही. वडिलांना सध्या त्याची गरज नाही, असं डॉक्टरांचं मत आहे.

आणि सगळेच उपाय महाग नसतात. या आजारात दारातून जाताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. तोच माणूस जिना मात्र नीट चढतो. पुण्यात वाढलेल्या मिलेहा सोनेजी या डिझायनरने हे आपल्या काकांच्या बाबतीत पाहिलं आणि सपाट जमिनीवर जिन्याचा भास होईल असं चित्र पसरून दिलं. काका त्यावरून न अडखळता चालू लागले. याचं स्पष्टीकरण असं मानतात की आतून येणारा 'चल' हा संदेश अडला तरी डोळ्यांनी दिलेली खूण दुसऱ्या वाटेने हालचाल सुरू करू शकते. मी दिवाळीच्या सुट्टीत घरी दाराशी पिवळ्या इन्सुलेशन टेपच्या पट्ट्या पावलापावलाच्या अंतराने लावल्या. वीस रुपयांची टेप. वडील आता पट्टी बघून पाऊल टाकतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथले सभासद अशा युक्त्या एकमेकांना सांगत असतात.

थोडक्यात

ब्रेनस्टेम श्वास आणि जाग सांभाळतो, हेल्मेट घाला. थॅलॅमस संवेदनांची वाटणी करतो. हायपोथॅलॅमस सेट पॉइंट ठरवतो, ताप आणि उष्माघात यांत गल्लत करू नका. हिप्पोकॅम्पस नोंद ठेवतो, त्याला झोप द्या. अमिग्डाला सायरन वाजवतो, त्याला सराव द्या. बेसल गँग्लिया ब्रेक सांभाळतात.

शेवटचं एक. घरी, गावात किंवा आपल्याच कॅम्पसमध्ये काम करणाऱ्या कोणाचा हात रिकामा असताना थरथरत असेल, एका बाजूचा हात चालताना हलत नसेल, अक्षर लहान होत चाललं असेल, वास येईनासा झाला असेल, तर हसू नका आणि वयाच्या नावावर सोडूनही देऊ नका. अशा प्रत्येकाला पार्किन्सन्सच असेल असं नाही, पण तपासून घ्यायला सांगा. अशा माणसाला पैसे मोजायला, बटण लावायला, उत्तर द्यायला वेळ लागतो. रांगेत मागे उभे असाल तर तेवढा वेळ द्या. त्याला काय करायचं ते पक्कं माहीत असतं, फक्त ब्रेक सुटायला उशीर होतोय.